हलत्या कॅमेऱ्यातून रानफुलं: फराटा कुठे मारायचा, किती लांब मारायचा

तेरड्याच्या गुलाबी गालिच्यावर अर्ध्या सेकंदाचं शटर ठेवून कॅमेरा आडवा फिरवला की हाती येतो तो मळकट, राखाडीकडे झुकणारा रंग. फुलं ऐन बहरात असतात, फोकस बरोबर असतो, एक्स्पोजरही बरोबर असतं, तरी गुलाबी कुठेतरी विरून जातो. शटर उघडं असेपर्यंत सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर आधी फूल, मग पान, मग पुन्हा फूल येत राहतं आणि या सगळ्यांच्या प्रकाशाची बेरीज होते. जांभळट गुलाबी आणि हिरवा हे प्रकाशाचे रंग एकमेकांत मिसळले की एकमेकांना मारतात. सोनकीचा पिवळा हिरव्यात मिसळला तर मात्र पोपटीकडे झुकणारा ताजा रंग मिळतो. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गवतावर फिका पडतो, पण ओल्या काळ्या कातळावर जसाच्या तसा राहतो.

कॅमेरा मुद्दाम हलवून रानातल्या झाडाझुडपांचे अमूर्त फोटो काढायचे, तर ही बेरीज आधी डोक्यात पक्की बसायला हवी. पुढचं जवळजवळ सगळं तिच्यातूनच निघतं.

बेरजेचा दुसरा परिणाम असा, की उजळ वस्तू गडद पार्श्वभूमीवर फराटा मारते आणि गडद वस्तू उजळ पार्श्वभूमीवर नाहीशी होते. पाणगेंदाचं पांढरं बोंड काळ्या कातळावर असेल तर त्याची स्वच्छ रेघ उमटते. त्याच बोंडाची नाजूक दांडी ढगाळ आकाशासमोर धरली तर आकाशाचा प्रकाश तिला दोन्ही बाजूंनी खातो आणि फोटोत काहीच उरत नाही. धुक्यातही हेच होतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर धुकं उतरलं की साध्या फोटोंसाठी ती पर्वणी, पण हलत्या कॅमेऱ्यासाठी मागचा सगळा पडदा पांढरा झालेला असतो. अशा वेळी कॅमेरा खाली झुकवून जमीन, कातळ किंवा दाट पानोळा पार्श्वभूमीला घ्यावा आणि क्षितिज चौकटीबाहेर ठेवावं. झाडीतून डोकावणारा आकाशाचा तुकडा कितीही लहान असला, तरी हलल्यावर त्याचा पांढरा चरा सगळ्या चौकटीतून जातो. म्हणून फ्रेम धरल्यावर फुलाच्या आधी अशी भोकं शोधावीत.

रंगीत छायाचित्रणात संथ शटरची ताकद छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिली होती. त्यांच्या बैलझुंजीच्या फोटोंत धावणारं जनावर आणि माणसं रंगाच्या लाटा होऊन येतात. तिथे हालचाल विषयातच होती. झाड आपल्या जागी उभं असतं, त्यामुळे हालचाल आपण द्यायची, आणि ती कोणत्या दिशेने द्यायची हे झाडाला विचारून ठरवायचं, असं माझं ठाम मत आहे. गेंदाची दांडी सरळ उभी, मग कॅमेराही वर-खाली. कुसळी गवत वाऱ्याच्या अंगाने झुकलेलं, मग कॅमेरा त्याच तिरक्या रेषेत. कारवीच्या सोटासारख्या काठ्यांवर आडवा हात फिरवला की काठ्या पुसल्या जातात आणि उरलेला हिरवा-जांभळा चिखल कुठल्याही झुडपाचा असू शकतो. झाडाच्या मुख्य रेषेच्या दिशेने हात गेला तर ती रेषा स्वतःवरच सरकते, म्हणून टिकते. फोटो कितीही अमूर्त झाला तरी ते झाड रोज पाहणाऱ्याला ते ओळखू यायला हवं. ही माझी कसोटी आहे, आणि तिच्यावर न उतरणारे सुंदर फोटोही मी बाजूला ठेवते.

आता आकड्यांकडे येऊ.

शटर १/१५ ते १/८ सेकंद असताना फुलाचा आकार बऱ्यापैकी शाबूत राहतो, कडा तेवढ्या सुटतात. १/४ ते १/२ हा सगळ्यात उपयोगी टप्पा, इथे फराटा नीट उमटतो. एक सेकंदाच्या पुढे रंगाचे थर उरतात आणि झाड ओळखणं फक्त रंगावर आणि दिशेवर येतं. सुरुवात १/४ वर करावी.

हा वेग मिळवायला पावसाळी दिवसात फारसं काही लागत नाही. दाट ढग असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र) एफ/१६ वर ठेवलं की शटर साधारण १/१५ येतं. चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर लावला की तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १/५ ते १/४ आपोआप मिळतं. सप्टेंबरअखेरीला ऊन पडलं तर त्याच एफ/१६ वर १/१२५ येईल. तिथे पोलरायझरच्या जोडीला एनडी ८, म्हणजे तीन स्टॉप प्रकाश अडवणारा करडा फिल्टर लावला की पाच स्टॉप होतात आणि शटर पुन्हा १/४ वर येतं. सेकंद-दोन सेकंदांचं काम भर उन्हात करायचं असेल तर एनडी ८ च्या जागी एनडी ६४, म्हणजे सहा स्टॉपचा, लागतो. माझ्या मते पोलरायझर, एनडी ८ आणि एनडी ६४ एवढं सामान पुरेसं आहे. कमीजास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण तो दोन पोलरायझरच्या काचांचाच बनलेला असतो. गडदपणा ठरवायला पुढची काच फिरवली की पानांवरच्या चकाकीवरचा ताबा सुटतो, दोन्ही एकत्र साधत नाही.

आणि या कामात चकाकी फार महत्त्वाची आहे. ओल्या पानावर आकाशाचं प्रतिबिंब पडून जो पांढरा तजेला दिसतो, तो हलल्यावर पांढऱ्या ओरखड्यांत बदलतो आणि हिरव्या रंगाची सगळी खोली जाते. पोलरायझर फिरवत पानांचा हिरवा गडद होईल तिथे थांबवायचा. दवाच्या थेंबांचं मात्र वेगळं. प्रत्येक चमकता थेंब आपल्या हाताचा मार्ग जशाचा तसा रेखाटतो. हात थरथरला असेल तर सगळ्या थेंबांच्या रेघा एकसारख्या थरथरतात. कधी ते फार देखणं दिसतं. नको असेल तर उन्ह थोडं वर येऊन दव ओसरेपर्यंत थांबावं, किंवा चौकट सावलीत घ्यावी.

किती हलवायचं, याचाही हिशोब करता येतो आणि तो एकदा केला की हात पुष्कळ शहाणा होतो. १०० मिमी लेन्स, तेरड्याचं दोन सेंटीमीटरचं फूल, अंतर एक मीटर. सेन्सरवर त्या फुलाची प्रतिमा साधारण २.२ मिमी होते. फराटा फुलाच्या रुंदीएवढाच झाला तर फोटो फक्त हललेला वाटतो, मुद्दाम केलेला वाटत नाही. तीन ते पाच पट झाला की तो फराटा म्हणून वाचला जातो. दहापटीच्या पुढे फूल संपतं, पट्टा उरतो. तीन ते पाच पट म्हणजे ७ ते ११ मिमी. १०० मिमी लेन्स एक अंश कलली की प्रतिमा १.७५ मिमी सरकते. म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा चार ते सहा अंश कलायला हवा, बस्स. शिकणारे बहुतेक जण याच्या कितीतरी पट जास्त हात फिरवतात आणि मग सगळ्या फोटोंत एकसारखे रंगाचे पट्टे येतात. ५० मिमी लेन्सवर तोच एक अंश पाऊण मिमीहून थोडा जास्त, म्हणून सेन्सरवर तेवढाच लांब फराटा हवा असेल तर तिथे हात दुप्पट चालवावा लागतो.

तेरड्याचा गुलाबी वाचवण्याचं उत्तरही इथेच आहे. फराटा पाच पट लांब झाला की प्रत्येक ठिपक्याला फुलाचा प्रकाश वेळेच्या फक्त एक पंचमांश भाग मिळतो, उरलेला वेळ मागच्या हिरव्याचा. त्यामुळे तेरड्यावर फराटा दोन-तीन पटींतच ठेवावा, फुलं जिथे दाटीने आहेत तीच जागा निवडावी आणि शक्य तर मागे सावलीतला उतार किंवा काळा खडक घ्यावा. फुलं दाट असली की एका फुलाचा फराटा दुसऱ्या फुलावर पडतो आणि बेरीज गुलाबी अधिक गुलाबी अशी होते.

कॅमेरा कलवणं आणि कॅमेरा सरकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे फोटोही वेगळे येतात. मनगटातून कलवला की जवळचं आणि दूरचं सगळं सारख्याच प्रमाणात सरकतं. कॅमेरा न कलवता हातासकट उचलला की जवळचं जास्त सरकतं, दूरचं जवळपास जागच्या जागी. ५० मिमी लेन्स दोन सेंटीमीटर वर उचलली, तर एक मीटरवरचं फूल सेन्सरवर एक मिमी सरकतं आणि शंभर मीटरवरची टेकडी त्याच्या शंभराव्या भागाएवढी. समोरच्या सोनकीचे फराटे आणि मागे गडाचा ओळखू येणारा कडा, अशी चौकट हवी असेल तर सरकवावं. सलग पोत हवा असेल तर कलवावं. संगणकावर नंतर दिलेल्या ब्लरमध्ये जवळ-दूरचा हा फरक येत नाही. शिवाय पांढरी फुलं साध्या फोटोत एकदा पांढरी झाली की त्यांचा जास्तीचा उजेड फाइलमध्ये उरलेलाच नसतो, त्यामुळे संगणकातल्या ब्लरमध्ये ती करडी पडतात. कॅमेऱ्यात तो उजेड खरोखर पसरतो, म्हणून गेंदाची रेघ झळाळते. हे काम रानातच करावं, असं मी म्हणते त्यामागे ही दोन कारणं आहेत.

हालचालीची सुरुवात बटण दाबण्याच्या आधी आणि शेवट शटर बंद झाल्यानंतर. हात आधीच चालू हवा. बटण दाबून मग हलवलं तर फराट्याच्या टोकाला एक उजळ गाठ येते, कारण तिथे कॅमेरा क्षणभर थांबलेला असतो. बटण दाबताना बोटाखालचा कोपरा खाली ओढला गेला तर टोकाला गळासारखा वाकडा आकडा येतो. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर किंवा सलग शूटिंग लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेममध्ये हा आकडा नसतो. गाठ मुद्दामही आणता येते: अर्ध्या सेकंदाच्या शटरमध्ये पहिला थोडा वेळ स्थिर राहून मग हात सोडायचा. फुलाचा पुसट पण ओळखीचा आकार आणि त्यामागे त्याचा झोत, असं चित्र मिळतं. मला हा प्रकार कळलावीसाठी विशेष आवडतो. तिच्या वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्यांचा आकार गमावला तर ती कळलावी राहत नाही.

हातात धरूनच बहुतेक काम होतं, पण नेमक्या उभ्या रेषांना ट्रायपॉडचा आधार बरा. गोळ्यावर फिरणारा बॉलहेड सैल केला की तो सगळीकडे लोळतो. तीन दांड्यांचं जुनं हेड इथे उपयोगी, फक्त वर-खालीची दांडी सैल ठेवायची. वजन नको असेल तर एका पायाचा मोनोपॉड आहेच.

हाताची थरथर भरून काढणारं स्टॅबिलायझेशन बंद. लेन्सवरचं आणि बॉडीतलंही. ते चालू असेल तर छोट्या हालचाली ते पुसून टाकतं आणि मोठी हालचाल झाली की त्याची हद्द संपते, तिथे फराटा मध्येच धक्का खाल्ल्यासारखा तुटतो. शटर मेकॅनिकल ठेवावं, कारण पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि झटका दिल्यास वरची-खालची रेघ जुळत नाही. फोकस एकदा घेऊन मॅन्युअलवर टाकावा, नाहीतर प्रत्येक झटक्याला लेन्स नवा फोकस शोधत बसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर चौकटीत पिवळा जास्त की हिरवा यावर प्रत्येक फोटोचा रंग बदलतो, म्हणून ५२०० ते ६००० केल्विनवर पक्का करावा आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्यावी.

सेन्सरवरची धूळ हा या कामातला सगळ्यात छुपा शत्रू. झाड हलतं, आकाश हलतं, पण धुळीचा कण सेन्सरला चिकटलेला असल्यामुळे चौकटीत जागचा हलत नाही. सगळं मऊ झालेल्या फोटोत तेवढे काळे ठिपके ठळक दिसतात, आणि एफ/१६ किंवा एफ/२२ वर ते आणखी टोकदार होतात. पठारावर वाऱ्यात लेन्स बदलू नये. डाग फारच दिसत असतील तर एफ/८ वर येऊन प्रकाश एनडी ६४ ने कमी करावा. एफ/१६ वर लेन्सची धार थोडी जाते ही तक्रार मात्र इथे गैरलागू आहे.

आता वारा. ऑगस्ट-सप्टेंबरात पठारावर वारा थांबत नाही, तर त्यालाच काम द्यावं. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवायचा, हलू द्यायचं गवताला. दांडी बुंध्याशी रोवलेली असल्यामुळे खालचा भाग स्पष्ट राहतो आणि शेंडा पुसला जातो. हात हलवून असं चित्र कधीच मिळत नाही. शटर किती ठेवायचं हे गवत सांगतं. डोलणारी दांडी दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळते आणि मधून वेगाने जाते. शटर फार वेळ उघडं ठेवलं तर त्या दोन टोकांच्या दोन पुसट प्रतिमा उमटतात आणि मध्ये पोकळी राहते. एकच सलग झोत हवा असेल तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला दांडी जेवढा वेळ घेते तेवढंच शटर ठेवावं. उंच गवताला तो बऱ्याचदा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. छोट्या, ताठ दांडीच्या फुलांना त्याहून कमी. वाऱ्याचा झोत चढत असताना बटण दाबावं, तो ओसरताना गवत भरकटतं.

मल्टिपल एक्स्पोजर हा याच घरातला तिसरा प्रकार. एकाच फ्रेममध्ये पाच ते नऊ छोटी एक्स्पोजर, दर वेळी कॅमेरा किंचित सरकवून. पद्धत ॲव्हरेज निवडली तर एक्स्पोजर कॅमेराच सांभाळतो. ॲडिटिव्ह निवडली तर प्रत्येक फ्रेम आपल्याला कमी करावी लागते: चार फ्रेमना दोन स्टॉप, आठ फ्रेमना तीन. ब्राइट पद्धतीत बेरीज न होता प्रत्येक ठिपक्यावर सगळ्यात उजळ तेवढं राहतं, म्हणून तेरड्याचा गुलाबी तिथे मळत नाही. हिरव्यापेक्षा फूल उजळ असेल तरच, हे लक्षात ठेवायचं.

मोबाइलवर अडचण ॲपर्चरची. ते एफ/१.८ च्या आसपास पक्कं असतं, त्यामुळे भर उन्हात आयएसओ ५० वरही १/४ सेकंद मिळवायला दहा स्टॉपचा फिल्टर लागेल. प्रो मोड असेल तर संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात, झाडीच्या सावलीत करून बघावं. काही ॲप्स अनेक फ्रेम जोडून लाँग एक्स्पोजर बनवतात. त्यात फराटा सलग येत नाही, पायऱ्यापायऱ्यांचा येतो.

एक्स्पोजरबद्दल एक उलटी गोष्ट. फुलाचा उजेड पसरल्यामुळे पांढरं जळण्याची भीती साध्या फोटोपेक्षा कमी असते. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाची विभागणी दाखवणारा आलेख, मध्येच गोळा झालेला दिसतो. थोडं जास्त एक्स्पोज करून नंतर गडद भाग खाली ओढले तर रंगांना वजन येतं. नंतरच्या कामात कॉन्ट्रास्ट वाढवणं आणि धुळीचे डाग काढणं, एवढंच करावं. शार्पनिंग शून्यावर, कारण तीक्ष्ण करायला तिथे कडाच नाहीत, वाढते ती फक्त ठिपक्यांची खरखर. प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला त्या झाडाचा एक स्थिर, स्पष्ट फोटो घ्यावा. घरी शेकडो फराट्यांमध्ये कोणतं फूल कोणतं हे त्यावरूनच कळतं.

पठारावर पाय कुठे पडतो याकडे डोळा ठेवावा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून हात फिरवताना माणूस नकळत पाऊल टाकतो. जांभ्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो. सीतेची आसवं जेमतेम वीतभर उंचीची, आणि कीटक पकडणाऱ्या त्यांच्या बारीक पिशव्या त्याच ओल्या थरात असतात. एका बुटाने तो थर उखडतो. पायवाट सोडायची नाही. लांबून काम करायला ७०–२०० लेन्स आहे, आणि लांबून केलेल्या कामात आकाशाची भोकंही टाळता येतात. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या पश्चिम घाटाच्या यादीत आहे, तिथे गर्दीही तेवढीच. सीतेची आसवं आणि गेंद कोकणातल्या आणि गोव्यातल्या कातळसड्यांवरही पावसाळ्यात फुलतात. काळ्या कातळाची पार्श्वभूमी तिथे जास्त मोकळी मिळते.

कासचा हंगाम संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत तांबूस होतं. मावळतीला सूर्य समोर घेऊन, पण चौकटीच्या बाहेर ठेवून, १/८ सेकंदाचे छोटे तिरके फराटे मारावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. त्याचा केशरी निळ्या आकाशावर फिरवला की तेरड्यासारखाच राखाडी होतो, म्हणून झाडाच्या वरच्या बाजूच्या उतारावर उभं राहून मागे सावलीतला डोंगर घ्यावा. एप्रिल-मेमध्ये बहावा. त्याचे घोस खाली लोंबतात, म्हणून कॅमेरा सरळ उभा न्यावा, १/४ सेकंद, लांबी घोसाच्या अर्ध्याहून जास्त नको. त्यापलीकडे एका घोसाचं टोक खालच्या घोसात शिरतं आणि झुंबरं वेगळी दिसेनाशी होतात.